तुकोबारायांचे डोंगर

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळींचा निरोप आला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शेती करतो आणि पांडुरंगाच्या कृपेनं कीर्तनाची सेवा करतो. तेव्हा जसं बोलतो तसंच लिहितो.

तुकोबारायांचं चरित्र आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. गाथा इंद्रायणीत बुडवली, ती तरली, महाराज वैकुंठाला गेले, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या चरित्रातला एक भाग आपण कीर्तनकारसुद्धा घाईघाईनं उरकतो. महाराज भामचंद्र डोंगरावर गेले, तिथं साक्षात्कार झाला, एवढं एका दमात सांगून पुढं जातो. का गेले, तिथं काय होतं, आणि खाली येऊन पहिलं काम काय केलं, हे कुणी थांबून बघत नाही. आज मी तेवढंच मांडणार आहे. आपल्या बीड जिल्ह्याला त्या भागाची लई गरज आहे म्हणून.

महाराजांचं घर काही गरिबाचं नव्हतं, बरं का. देहू गावात मोऱ्यांचं हे घराणं महाजनकीचं. शेतीवाडी, दुकान, सावकारी, सगळं होतं. आठ पिढ्या मागं विश्वंभरबाबा झाले, त्यांच्यापासून घरात पंढरीची वारी आणि दारात विठ्ठलाचं देऊळ. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. इ. स. १६०८ हे महाराजांचं जन्मसाल धरतात. सावजींचं मन प्रपंचात नव्हतं, म्हणून तेराव्या वर्षीच तुकोबांच्या खांद्यावर दुकान आलं. आपल्याकडं पोरगं तेराव्या वर्षी कोयता घेऊन आईबापाच्या मागं उसाच्या फडात जातं, तसंच ते समजा.

चार-पाच वर्षं बरी गेली. मग आईबाप गेले. पाठोपाठ सावजींची बायको गेली आणि सावजी तीर्थाला निघून गेले. दुकान बसलं, देणं वाढलं. त्यातच तो दुष्काळ आला. इ. स. १६३० साली पाऊस पडला नाही आणि गुजरातपासून दख्खनपर्यंत सगळा मुलूख होरपळला. त्या वेळी आपल्या मुलखात आलेल्या परदेशी व्यापाऱ्यांनीसुद्धा लिहून ठेवलंय, की गावंच्या गावं ओस पडली आणि रस्त्यावर माणसं मरून पडली. तुकोबांची थोरली बायको रखुमाबाई त्या दुष्काळात अन्नावाचून गेली. लहानगा संतू गेला. गुरं गेली. बाजारात पत गेली. तेव्हा महाराजांचं वय बावीसच्या आसपास. आपल्या गावात आज बावीस वर्षांचं पोरगं काय करत असतंय, ते मनात आणा आणि त्याच्यावर हे सगळं टाकून बघा.

मी लहान असताना १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. बायामाणसं खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढायची. पुढं चारा छावण्याही पाहिल्या. पोटाची भूक सगळ्यांना दिसते, पण दुष्काळात आणखी एक गोष्ट होते. माणसाचं बोलणं आटतं. छावणीत बैलाशेजारी माणूस दिवसभर बसायचा आणि दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही. हाक मारली तर नुसतं बघायचा. विहीर आटावी तसं मन आटतं. तुकोबांचं मन असंच आटलं होतं, असं मला वाटतं.

आणि मग महाराज उठले आणि डोंगरावर गेले.

देहूच्या आसपास तीन डोंगर आहेत. भामचंद्र, भंडारा आणि घोरावडेश्वर. भामचंद्र चाकणच्या बाजूला शिंदे-वासुली गावाच्या अंगाला आहे. त्याच्या कड्यात जुनी कोरलेली लेणी आहेत, महादेव आहे, पाण्याचं टाकं आहे. घोरावडेश्वराला तर फार जुनी बौद्ध लेणी आहेत. म्हणजे महाराजांच्या आधी कितीतरी शतकं माणसं मन शांत करायला याच डोंगरांवर येत होती. डोंगर कुणाला जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, आणि तुझ्यावर देणं किती हेही विचारत नाही.

भामचंद्रावर महाराज पंधरा दिवस राहिले, असं चरित्रकार सांगतात. अन्नपाण्याची शुद्ध नव्हती. नाग, विंचू, वाघ यांच्या गोष्टी आपण ऐकतो. साक्षात्कार ही देवाची कृपा, त्यावर मी पामरानं काय बोलावं? पण एक शेतकरी म्हणून मला त्यातलं थोडं कळतं, ते सांगतो.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जातं. आपण मोटार चालूच ठेवली तर खाली गाळ लागतो आणि मोटार जळते. जाणता माणूस काय करतो? उपसा बंद करतो. रात्रभर विहिरीला हात लावत नाही. सकाळी बघावं तर परसभर पाणी साठलेलं असतंय. ते कुठून येतं? झरे आतच होते. उपसा चालू असल्यामुळं त्यांना सवड मिळत नव्हती. तुकोबांच्या मनाचा उपसा किती वर्षं चालला होता बघा. तेराव्या वर्षापासून दुकान, देणेकरी, आजारपणं, मर्तिकं. डोंगरावर पंधरा दिवस तो उपसा बंद राहिला. तिथं देणेकरी नव्हता, हळहळणारे शेजारी नव्हते. वर आभाळ, खाली झाडी, पाखरांचा आवाज आणि मुखात विठ्ठलाचं नाम. आतला पाझर सुटला.

आता पुढचं नीट ऐका, कारण खरी गोम इथंच आहे. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत फिरला. आपला भाऊ दुःखानं घराबाहेर पडलाय, त्याचं काही बरंवाईट होऊ नये, म्हणून त्यानं डोंगर पालथे घातले आणि भामचंद्रावर त्यांना गाठलं. आपण कीर्तनात कान्होबाचं नाव एका ओळीत घेतो. मला विचाराल तर कान्होबासारखा भाऊ ज्याला मिळाला, त्याचं दुःख निम्मं झालं.

खाली आल्यावर महाराजांनी घरातली कर्जखतं काढली. लोकांनी त्यांच्याकडून घेतलेल्या पैशांची ती खतं. निम्मी कान्होबाला दिली, कारण त्याचा संसार होता, त्याचा हक्क होता. आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुष्काळानं गांजलेल्या कुळांकडं वसुलीला जायचं नाही, हे त्यांनी डोंगरावर ठरवलं असावं. डोंगरावरनं आलेल्या माणसाचं मन किती मोठं झालं होतं, ते यावरून समजतं. दुःखानं माणूस कडू होतो, दुसऱ्यावर तोंडसुख घेतो. इथं उलटं झालं.

त्यानंतर विश्वंभरबाबांचं पडकं देऊळ त्यांनी दुरुस्त केलं. स्वतः मातीत हात घातले, भिंती नीट केल्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं काम मन ताजं झाल्यावर हातावेगळं झालं.

मग महाराजांचा नेम सुरू झाला. सकाळी अंघोळ, विठ्ठलाची पूजा, आणि मग भंडारा डोंगर. दिवसभर तिथं बसायचं. ज्ञानेश्वरी, नाथांचं भागवत, नामदेवरायांचे आणि कबीराचे बोल, सगळं पाठ करायचं, मनात घोळवायचं. आणि संध्याकाळी खाली उतरून देहूच्या देवळात कीर्तन. डोंगर आणि गाव, गाव आणि डोंगर. महाराज डोंगरावर कायमचे राहिले नाहीत, हे विसरू नका. वरून भरून आणायचं आणि खाली वाटायचं, असा तो क्रम होता. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात उपदेश झाला, म्हणून आजही त्या दिवशी भंडारा डोंगरावर मोठा सोहळा भरतो. तुमच्यातले कितीतरी जण जाऊन आलेले आहेत.

याच काळात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, आणि राहिलेले अभंग तू पुरे कर म्हणून त्यांनी सांगितलं, ही कथा आपण जाणतो. मग जे शब्द फुटले ते थांबलेच नाहीत. गाथेत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत. ज्या माणसाचं बोलणं दुष्काळानं आटवलं होतं, त्याच माणसाच्या तोंडून हे निघालं. चाकणचे संताजी जगनाडे तेली आणि गंगारामबुवा यांनी ते लिहून घेतलं. आपल्या मराठवाड्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाई देहूला जाऊन महाराजांचं कीर्तन ऐकत बसायच्या. डोंगरावरचा झरा असा आपल्या गोदाकाठापर्यंत आला.

त्या अभंगांत किती झाडं, किती पाखरं, किती ढोरं आहेत, ते मोजून बघा. शेतकऱ्याच्या घरात जे दिसतं ते सगळं आहे. नांगर, बी, खळं, चाळणी, गाय-वासरू, मुंगी, चंदन, बाभळ. झाडांना आणि पाखरांना आपले पाहुणे-सोयरे मानणारा अभंग तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. महाराजांनी हे कुठं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. भंडाऱ्यावर दिवसभर बसून डोळ्यांनी पाहिलेलं होतं. चार भिंतीत बसून असं बोलता येत नाही. मीही कीर्तनासाठी चार पुस्तकं चाळतो, पण दृष्टांत सुचतो तो बांधावर नाहीतर गुरं वळताना. ज्या दिवशी रानात गेलो नाही, त्या दिवशी कीर्तनात कालचंच शिळं बोलणं होतं.

ताहराबादच्या महिपतीबुवांनी महाराजांचं चरित्र ओवीत लिहिलंय. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या शेतकऱ्यांच्या आवडीच्या आहेत. एकदा एका शेतकऱ्यानं महाराजांना पीक राखायला बसवलं. महाराज माळ्यावर चढले. पाखरांचे थवे आले. गोफण हातात होती, पण मारवेना. देवाची लेकरं आहेत, खाऊ द्या म्हणाले. शेतकरी आला आणि डोक्याला हात लावून बसला. पण मळणी झाली तेव्हा ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त धान्य निघालं. दुसरी गोष्ट अशी, की महाराजांना पाहून एकदा पाखरं भुर्रकन उडाली. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. आपल्यात अजून काहीतरी राहिलंय म्हणून ही आपल्याला भितात, असं म्हणून ते तिथंच नाम घेत उभे राहिले. पाखरं परत आली आणि अंगाखांद्यावर बसली, तेव्हाच ते हलले. चमत्कार मानायचा तर माना. मी एवढंच समजतो, की रान माणसाला आरसा दाखवतं. मनात राग असला की बैलसुद्धा अंगाला हात लावू देत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता जिजाबाईंबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर चरित्र अर्धं राहील. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची ही लेक. लोक तिला आवली म्हणतात, कजाग म्हणून हसतात. नवरा डोंगरावर आणि घरात पोरं. चूल कुणी पेटवायची? ही बाई भाकरी बांधून भर उन्हात अनवाणी भंडारा चढायची, नवऱ्याला शोधायची, त्यानं खाल्ल्यावर खायची. पायात काटा मोडला तेव्हा तो काढायला प्रत्यक्ष पांडुरंग आला, अशी कथा आहे. देव तुकोबांच्या आधी तिच्या पायाशी बसला, हे ध्यानात घ्या. गाथेमागं तिच्या भाकरीचं मोल आहे. म्हणून डोंगरावर जा म्हणून मी सांगतो, त्याचा अर्थ घरचं काम बाईच्या गळ्यात घालून भटकत सुटा, असा कुणी काढू नये. आणि आपल्या बायांनाही डोंगर लागतो. त्यांच्या मनाचा उपसा आपल्यापेक्षा जास्त. पंढरीच्या वाटेवर डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईच्या तोंडावर जी कळा येते, ती तिच्या घरात वर्षभर दिसत नाही. त्याला कारण नाम आहेच, पण उघडं आभाळ आणि मोकळी वाटही आहे.

पुढचं चरित्र सगळ्यांना माहीत आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला, गाथा डोहात बुडवावी लागली, महाराज इंद्रायणीच्या काठी शिळेवर तेरा दिवस धरणं धरून बसले. गाथा तरली आणि तेच रामेश्वरभट्ट पुढं त्यांचे शिष्य झाले. शके १५७१ मध्ये, म्हणजे इ. स. १६५० साली, फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराजांचं वैकुंठगमन झालं. देहूला ती जागा नांदुरकीच्या झाडाखाली दाखवतात. शेवटचा ठेवासुद्धा झाडापाशीच. महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली, आणि त्या वाटेनं आज लाखो माणसं चालतात.

आता आपल्याकडं या. आपला जिल्हा दुष्काळाचा, ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. आणि शेतकऱ्यानं गळफास घेतल्याची बातमी आपल्याला नवी राहिली नाही. अशा घरी दहाव्याचं कीर्तन करायला मी गेलोय. काय बोलावं ते सुचत नाही. प्रत्येक ठिकाणी घरचे एकच सांगतात, की चार-सहा महिन्यांपासून तो गप्प होता. कोपऱ्यात बसायचा, रानात जाईना, कुणाशी बोलेना. म्हणजे मन आटलेलं सगळ्यांना दिसत होतं, पण शोधायला कुणी कान्होबा गेला नाही.

डोंगर काही बँकेचं कर्ज फेडत नाही. पाऊस पाडत नाही. महाराजांचंही गेलेलं माणूस परत आलं नाही आणि दुकानही उभं राहिलं नाही. पण गेलेलं गेलं म्हणून उरलेलं जगायचं कसं, एवढं बळ त्यांना तिथं मिळालं. आणि डोंगर आपल्याकडं कमी आहेत का? आख्खा बालाघाट आपला आहे. कपिलधारला धबधब्याशेजारी मन्मथस्वामींची समाधी आहे. अंबाजोगाईच्या डोंगरकपारीत मुकुंदराजांचं स्थान आहे. सौताड्याला दरीत रामेश्वर आहे, पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं. नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड, हे सगळे गड उंचावरच का? आपल्या संतांना मोकळ्या हवेची किंमत माहीत होती. धारूरच्या घाटात सीताफळीच्या झाडाखाली घटकाभर बसायला तिकीट लागत नाही.

म्हणून माझं दिंडीतल्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे. गावात कुणी गप्प झालेला दिसला तर त्याला एकटं सोडू नका. त्याच्या घरी जा. चल रे बाबा, रानात चक्कर मारून येऊ म्हणा. उपदेश करू नका, नुसतं सोबत चाला, जमलं तर भजन म्हणा. तो बोलेल. एक दिवस नाही बोलला तर दुसऱ्या दिवशी जा. आणि दुखणं जास्त असेल, तो जगायचंच नाही म्हणत असेल, तर त्याला डोंगरावर नेऊ नका, एकटा ठेवूही नका. सरळ सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टराकडं घेऊन जा. पाय मोडल्यावर आपण लाज धरतो का? मग मन मोडल्यावर का धरायची?

आणखी एक. भामचंद्राच्या पायथ्यापर्यंत आता चाकणचे कारखाने आलेत. ते डोंगर राखावेत म्हणून वारकऱ्यांनी आवाज उठवला, ते बरंच केलं. पण आपल्या गावचा डोंगर कोण राखणार? मुरूम काढून काढून टेकड्या पोखरल्या, लिंब-बाभळी सरपणाला गेल्या. उद्या एखाद्या तुकोबाला बसावंसं वाटलं तर सावली तरी राहील का? शंभर वर्षांची दिंडी म्हणून प्रत्येक माळकऱ्यानं यंदा गावच्या माळावर एक वड, पिंपळ किंवा लिंब लावावा आणि तीन उन्हाळे त्याला पाणी घालावं. लावून फोटो काढणं सोपं आहे, खरी सेवा पाणी घालण्यात आहे. पुढच्या शंभर वर्षांच्या दिंडीला त्या झाडाखाली विसावा मिळेल.

तुकोबारायांच्या चरणी मस्तक ठेवून ही सेवा थांबवतो.

राम कृष्ण हरी.